गुळाच्या कुकीज मधुमेहींना कितीही चालतात?

नाताळ जवळ आला की एक संदेश हमखास फिरतो: 'कुकीजमध्ये साखरेऐवजी गूळ घाला, मग मधुमेहींनीही मनसोक्त खाव्यात.' कोल्हापुरात हे पटकन पटतं, कारण गूळ इथं घराघरात आहे. पण ते खरं नाही.

गूळ आणि साखर दोन्ही उसाच्या रसाचीच. साखर करताना मळी, म्हणजे रसातला दाट काळपट पाक, वेगळी काढतात, गुळात ती राहते. म्हणून त्याला तो रंग, तो खमंग वास आणि थोडंफार लोह. बाकी बहुतेक भाग सुक्रोज, म्हणजे साखरच, आणि शरीर ती साखरेसारखीच पचवतं. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तर गुळात साधारण ३८०. एका कुकीत गूळ जातो जेमतेम चमचाभर, त्यातून लोह कितीसं मिळणार? शिवाय मैदा आहेच, तोही रक्तातली साखर वाढवतो.

खात्री करायची तर गूळ पावडर आणि साखर, दोन्हींच्या पाकिटांमागचे तक्ते शेजारी धरा आणि कर्बोदकांची ओळ वाचा.

चवीसाठी मात्र गूळ जरूर घाला, मला तो साखरेहून आवडतो. ढेपेचा किसलेला चुरा बोटांना चिकटतो, तोच ओलावा कुकीज मऊ ठेवतो. वरच्या पांढऱ्या नक्षीला आयसिंग शुगरच लागते, गुळानं ती तपकिरी होते. घरातल्या मधुमेही माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं एखादी छोटी, बिननक्षीची कुकी द्या, तीही त्या दिवसाच्या जेवणाच्या हिशेबात धरून.