लेंटिव्हायरल प्लाझ्मिड: एचआयव्हीतून काय काय काढलं

पुण्यात एचआयव्ही म्हटलं की आधी भोसरी आठवते. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली तिथे सुरू झाली. पण गणेशखिंडच्या एनसीसीएस किंवा पाषाणच्या आयसर या संशोधन संस्थांमध्ये पेशींवर काम करणाऱ्यांना हाच विषाणू दुसऱ्या रूपात भेटतो: उणे २० अंशांवर ठेवलेल्या इवल्या नळीतलं लेंटिव्हायरल प्लाझ्मिड, म्हणजे एचआयव्ही ज्या लेंटिव्हायरस गटातला आहे त्याचे भाग घेऊन बनवलेलं डीएनएचं वर्तुळ. मानवी जनुक सस्तन पेशीत कायमचं बसवायचं, तर बहुतेक जण याच्याकडेच वळतात. ते वापरण्याजोगं झालं ते मुख्यतः काढाकाढीतून.

आधी उंदरांच्या रेट्रोव्हायरसवर (आपल्या आरएनएवरून डीएनए बनवून तो पेशीच्या डीएनएत घुसवणारा विषाणू) भागत होतं. अडचण एकच, पेशीचं विभाजन होत असेल तरच त्याला केंद्रकात शिरता येतं. चेतापेशी विभागत नाहीत. एचआयव्हीला मात्र केंद्रकाच्या छिद्रांतून आत जाता येतं. १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये नाल्दिनी, ट्रोनो, इंदर वर्मा प्रभृतींनी याचाच फायदा घेऊन उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशींत जनुक पोचवलं. विषाणूचा कारभार त्यांनी तीन प्लाझ्मिडांत वाटून टाकला होता. बाहेरचं आवरण तर एचआयव्हीचं नव्हतंच, गुराढोरांना होणाऱ्या एका विषाणूचं उसनं घेतलेलं. त्यामुळे जवळपास कुठल्याही सस्तन पेशीत शिरकाव होतो.

१९९७ मध्ये एचआयव्हीची व्हिफ, व्हीपीआर, व्हीपीयू, नेफ ही साहाय्यक जनुकं गेली. १९९८ मध्ये टॅट हे जनुक गेलं आणि रेव्ह हे जनुक वेगळ्या प्लाझ्मिडवर आलं. त्याच सुमारासची एक युक्ती मला सगळ्यात देखणी वाटते. विषाणूच्या दोन्ही टोकांना एलटीआर नावाचे सारखे भाग असतात. उजवीकडच्या भागातला सुमारे ४०० अक्षरांचा (डीएनएच्या घटकांचा) तुकडा उडवला. आरएनएवरून डीएनए बनताना तीच खोट डावीकडेही उतरते, आणि पेशीत बसल्यावर एलटीआरचा स्वतःचा चालू करायचा खटका उरतच नाही. मग आपलं जनुक सीएमव्ही किंवा ईएफ१-अल्फासारख्या आतल्या प्रमोटरवर, म्हणजे आपण बसवलेल्या खटक्यावर चालतं.

हा खटका शाबूत राहिला तर काय होतं, ते २००२ मध्ये फ्रान्समध्ये दिसलं. जनुकोपचार घेतलेल्या मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. उंदराच्या रेट्रोव्हायरसच्या एलटीआरने शेजारचं एलएमओ२ जनुक चेतवलं होतं.

सारख्या टोकांचा जाच मात्र अजून आहे. प्लाझ्मिडच्या प्रती जिवाणूत वाढवतात, आणि साध्या जिवाणूत ही टोकं एकमेकांशी जुळून मधलं जनुक गळून पडू शकतं. म्हणून अशी जुळणी कमी करणारा एसटीबीएल३ सारखा जिवाणू घ्यायचा, गरज पडली तर ३० अंशांवर वाढवायचा, आणि विषाणू तयार करून घेण्यासाठी २९३टी या मानवी पेशींत घालण्याआधी प्लाझ्मिड एन्झाइमने कापून, ते अखंड आहे का हे जेलवरच्या पट्ट्यांवरून बघायचंच. जागाही मोजकीच, आठेक हजार अक्षरांपुढे विषाणूचं उत्पादन घसरतं. डिस्ट्रोफिनसारखं (स्नायूंतल्या एका प्रथिनाचं) लांबलचक जनुक अख्खं मावत नाही.

इतकं काढूनही संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागतेच. कारण विषाणू पांगळा केला, तरी आत भरलेलं मानवी जनुक कर्करोगाचं असू शकतं.