बडबडगीतातून ताल: मात्रा म्हणून मोजायचं काय?

कथकच्या पहिल्याच वर्गात त्रितालाचा, म्हणजे सोळा मात्रांच्या (ठोक्यांच्या) तालाचा, ठेका न देता सहा वर्षांच्या मुलांकडून आधी बडबडगीत म्हणवून घ्यायचं, त्यावर टाळी धरायला लावायची आणि मग पाय उचलायचा, ही रीत आता बरीच रुळली आहे. ती घराण्यांच्या तालमीतून आली असं अनेकांना वाटतं. माझ्या मते तिची खरी वाट बालवाडीतून येते.

त्याआधी घरातलं होतंच. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणाऱ्या मुली, झिम्म्याच्या टाळ्या, फुगडीची पावलं. पण तिथे मात्रा कुणी मोजत नव्हतं. १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर निघालं, तिथलाच धागा घेऊन १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्रामीण मुलांसाठी बालवाडी आली आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हातवारे करत म्हणायचं ‘अभिनयगीत’ बालवाडीच्या रोजच्या दिवसात मुरलं. १९७५ नंतर अंगणवाड्या उघडत गेल्या तशी ही गाणी आणखी पसरली. जिनिव्हात आणि म्युनिकमध्येही विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात अंगाच्या हालचालीतून लय शिकवण्याचे प्रयोग झाले, पण आपल्या नृत्यवर्गाचा उगम तिथे शोधण्याचा मोह टाळलेला बरा.

नृत्यवर्गात हे सगळं शिरलं तेव्हा नृत्याच्या परीक्षांचा काळ होता. प्रारंभिक पातळीवरच त्रिताल हातावर धरून म्हणून दाखवायचा, म्हणजे लहान मुलाला सोळा मात्रा लवकर हव्यात. बडबडगीत हाताशी होतं. अडचण ‘मात्रा’ या शब्दाने केली.

छंदशास्त्रात मात्रा अक्षराची असते: लघूची एक, गुरूची दोन. तालात मात्रा काळाची असते; अक्षर असो वा नसो, ती पडतेच. ‘ये रे ये रे पावसा’ हे गाणं छंदाच्या हिशेबाने मोजलं तर चार ओळींत १३, ११, १२ आणि १३ मात्रा भरतात. एकही नृत्यशिक्षिका या आकड्यांवर पाय टाकायला सांगणार नाही. पण तेच मोठ्याने म्हणा: ये, ये, पा, सा. पुढच्या ओळीत तु, दे, पै, सा. प्रत्येक ओळीला चार टाळ्या, एकही कमी-जास्त नाही. मराठी छंदशास्त्राकडे याचं उत्तर आहे: ‘छंद’ या प्रकारात लघु-गुरूचा भेद न मानता प्रत्येक अक्षर दोन मात्रांचं धरतात. ओवी-अभंगाचं हे नातं बडबडगीतालाही लागू आहे.

इथून दोन मतं निघाली आणि वाद अजून मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, अक्षर म्हणजे मात्रा. प्रत्येक अक्षराला एक पाऊल, ओळीच्या शेवटी उरेल ती रिकामी जागा, असा ओळीला आठचा हिशेब. दोन ओळींत एक आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांची एक फेरी; गाणं दोन आवर्तनांत संपतं. मुलांना हे सोपं जातं हे मान्य. पण ओळ संपली की मुलं ती रिकामी मात्रा गिळतात आणि पुढच्या ओळीवर उडी मारतात. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तिथेच हातची जाते.

दुसरा पक्ष टाळीला मात्रा मानतो, आणि मी त्याच बाजूची आहे. चार ओळी, सोळा टाळ्या, त्रितालाचं एक पूर्ण आवर्तन; प्रत्येक ओळ एक विभाग. पहिल्या ओळीवर ‘ता थेई थेई तत्’ हे पायांचे बोल उजव्या पायाने, दुसरीवर ‘आ थेई थेई तत्’ डाव्याने. तिसरी ओळ नवव्या मात्रेवर, म्हणजे बरोबर खालीवर (जिथे टाळी न देता तळहात उलटा करतात) सुरू होते, आणि तिथेच पैसा खोटा ठरतो! मूल ते विसरत नाही. शिवाय बऱ्याच टाळ्यांवर तोंडात दोन अक्षरं येतात, त्यामुळे पाय ठाय (मूळ, संथ) लयीत चालत असताना जीभ तिथे नकळत दुगुन, म्हणजे दुप्पट वेगाने, बोलत असते. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, शिकवताना याचा फार उपयोग होतो. एक गोष्ट मात्र सुधारावी लागते: गीतात प्रत्येक मात्रेवर टाळी असते, त्रितालात फक्त १, ५ आणि १३ वर. मधल्या मात्रा बोटांवर न्यायची सवय दुसऱ्या महिन्यातच लावलेली बरी.

इंग्रजी माध्यमाची मुलं वाढली तशी इंग्रजी बडबडगीतंही वर्गात आली. त्यातली बरीचशी सहाच्या झोक्यावर डुलतात. ती सहा मात्रांच्या दादऱ्यात छान बसतात. त्रितालात ओढूनताणून बसवली की मुलांचं पाऊल अडखळतं. त्यासाठी सरसकट मराठीच गाणी हवीत असा हट्ट नको, पण गाणं निवडण्याआधी ते चारचं आहे की सहाचं हे शिक्षिकेने स्वतः चालून पाहायलाच हवं.

२०२० मध्ये वर्ग पडद्यावर गेले तेव्हा एकत्र टाळी अशक्य झाली, कारण प्रत्येक घरातून आवाज थोडा उशिराच पोचायचा. माइक बंद ठेवून मुलं आपापल्या घरी गीत म्हणायची, आणि शिक्षिकेला फक्त हात दिसायचे: तिसऱ्या ओळीच्या पहिल्या अक्षराला तळहात खालीसाठी उलटा होतोय की नाही, एवढंच.