दोन पांढरे बावटे

१८ डिसेंबर १९६१, सोमवार. पोर्तुगीजांच्या ताब्यातला गोवा मुक्त करण्याची भारताची लष्करी कारवाई सुरू होती. त्या एका दिवसात पोर्तुगीजांकडून दोन पांढरे बावटे चढले. एक अंजदीवला, एक मुरगावच्या समुद्रात. दोन्हीकडच्या सैनिकांच्या आठवणी आजही या बावट्यांपाशी येऊन अडखळतात.

अंजदीव हे कारवारजवळचं चिमुकलं बेट. महिनाभर आधी, १७ नोव्हेंबरला तिथून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला होता आणि वातावरण तापलं होतं. अठराच्या सकाळी ‘त्रिशूल’ या भारतीय युद्धनौकेवरचे नौसैनिक बेटावर उतरले. भारतीय बाजू सांगते ती अशी: बावटा दिसला, माणसं निर्धास्त पुढे सरकली आणि गोळ्या सुरू झाल्या. सात जण गेले. ‘आयएनएस गोमंतक’ या नौदलाच्या तळावरचं स्मारक त्यांचंच.

दुसरा बावटा ‘अफोन्सो द आल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेचा. १९३४ सालचं हे जुनं जहाज ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या नव्या भारतीय युद्धनौकांसमोर फार टिकणारं नव्हतंच. कप्तान आरागांव जबर जखमी झाला, जहाज बांबोळीच्या बाजूला किनाऱ्यावर चढवलं. त्यावरचे खलाशी सांगत की, बावटा लावला होता, पण वारा पडलेला. कापड काठीलाच गुंडाळून बसलं, समोरच्यांना दिसलंच नाही! मला ही आठवण खरी वाटते. असला क्षुल्लक तपशील मुद्दाम कोण रचेल?

‘अफोन्सो’ने जवळजवळ चारशे गोळे डागले, हा पोर्तुगीजांचा आकडा मात्र सावधपणे घ्यावा. त्यामागे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची १४ डिसेंबरची तार आहे. शरणागती नाही, सैनिक एकतर विजयी किंवा मृत, असा तिचा अर्थ. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वाने ती मानली नाही. एकोणिसाच्या सकाळी आपलं सैन्य पणजीत आलं आणि संध्याकाळी वास्कोला शरणागती झाली. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक मे १९६२पर्यंत इथल्या छावण्यांत राहिले. घरी परतले ते कलंक घेऊन. खुद्द गव्हर्नरला बडतर्फ केलं गेलं. १९७४च्या क्रांतीनंतरच त्याचा हुद्दा परत मिळाला. ‘जिवंत का परतलास?’ असं ज्याला विचारलं जातं, तो आपला एकेक गोळा मोजूनच ठेवणार. रणगाडाविरोधी दारूगोळ्यासाठी ‘सॉसेज’ हा सांकेतिक शब्द वापरला, तर लिस्बनने खरीखुरी सॉसेजच धाडली, हा त्यांचा किस्साही त्याच दुखण्यातून आलेला. गोंयकार तो हसत सांगतो, ते हसत नसावेत.

आपल्याकडे गप्प बसवणारं कोणी नव्हतं, तरी अंजदीव मागे पडलं. दहा महिन्यांत चीन आला, मग १९६५, १९७१. छत्तीस तासांच्या कारवाईतल्या आठवणी विचारायला सवड कोणाला होती?

पणजीत त्या दिवसाबद्दल विचारलं तर ऐकू येतात मांडवीवरून बेतीकडून आलेल्या शीख पलटणीच्या, उडवलेल्या पुलांच्या गोष्टी. अंजदीवचं नाव क्वचितच निघतं.