स्लो नेटवर्कवरून ग्राफिकल अ‍ॅप्लिकेशन रिमोटली चालवणं

प्रोग्रॅम एका मशीनवर चालतो, त्याची विंडो दुसऱ्याच मशीनवर दिसते, माउस आणि कीबोर्डही तिथलाच, आणि मधली लाइन एकतर बारीक असते नाहीतर लांबची. नुसतं टेक्स्टचं काम असेल तर एसएसएच (लांबच्या मशीनवर सुरक्षितपणे कमांड चालवायची सोय) कसल्याही लाइनवर निभावून नेतं, विंडो आली की मात्र क्लिक केल्यावर मेनू उघडायची वाट बघत बसावं लागतं.

इथे बहुतेक जण दोन गोष्टींची गल्लत करतात. बँडविड्थ म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो, आणि लेटन्सी म्हणजे एक निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो. बँडविड्थ पैसे टाकून वाढवता येते, लेटन्सीचं तसं नाही, फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन यायला निदान १०० मिलिसेकंद लागणारच, मग प्लॅन कुठलाही घ्या. ग्राफिकल अ‍ॅप्लिकेशनला जास्त करून हीच लेटन्सी मारते, आणि लोक मात्र स्पीड टेस्ट करत बसतात.

युनिक्सच्या जगात हे काम एक्स विंडो सिस्टिमने सुरू केलं. १९८४ मधे एमआयटीच्या प्रोजेक्ट अथीनामधे ती जन्माला आली आणि आज वापरतात ती एक्स११ आवृत्ती १९८७ ची. यातलं सर्व्हर-क्लायंटचं नातं नवख्याला उलटं वाटतं, कारण एक्स सर्व्हर तुमच्या समोरच्या मशीनवर असतो (स्क्रीन त्याच्या ताब्यात ना) आणि लांबच्या मशीनवरचा प्रोग्रॅम हा त्याचा क्लायंट. प्रोग्रॅम चित्र पाठवत नाही, 'इथून तिथे रेघ मार, हा मजकूर इथे लिही' अशा सूचना पाठवतो, त्यामुळे कागदावर हे फार स्वस्त दिसतं.

अडचण सूचनांची नाही, प्रश्नांची आहे. रेघ मारायची सूचना पाठवून प्रोग्रॅम पुढे जाऊ शकतो, पण विंडो आत्ता कुठे आहे, या नावाच्या अ‍ॅटमचा (एक्स नावांना जे नंबर देतो त्याचा) नंबर काय, कीबोर्डचा मॅप कसा आहे असं काही विचारलं की प्रोग्रॅमच्या वतीने एक्सशी बोलणारी जुनी एक्सलिब लायब्ररी उत्तर येईपर्यंत थांबून राहते. समजा सुरू होताना एखाद्या प्रोग्रॅमने असे ३०० प्रश्न एकामागून एक विचारले आणि एका फेरीला १५० मिलिसेकंद लागले, तर नुसत्या वाट बघण्यात ४५ सेकंद गेले, आणि त्या सगळ्या वेळात लाइन जवळजवळ रिकामीच होती! एकाच लॅनवर फेरी मिलिसेकंदाच्याही आत होते म्हणून तिथे हे कुणाला जाणवत नाही. पुढे आलेल्या एक्ससीबी लायब्ररीत सगळे प्रश्न आधी पाठवून उत्तरं मागून गोळा करता येतात, अर्थात प्रोग्रॅम तसा लिहिलेला पाहिजे.

१९९६ च्या सुमाराला एक्स११आर६.३ सोबत एलबीएक्स, म्हणजे लो बँडविड्थ एक्स, आलं. नावातच बँडविड्थ होती आणि भरही बराचसा तिथेच होता. नंतर एक्सवरच काम करणाऱ्या कीथ पॅकार्ड आणि जिम गेटिस यांनी मोजून पाहिलं तेव्हा एसएसएचच्या साध्या कॉम्प्रेशनपुढे त्याचा फारसा फायदा दिसला नाही. खरं दुखणं नोमशीन कंपनीच्या एनएक्स या सॉफ्टवेअरने पकडलं. त्यात लांबच्या मशीनवरच एक एजंट बसतो, तो प्रोग्रॅमला एक्स सर्व्हरसारखाच दिसतो आणि बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिथल्या तिथे देतो, म्हणजे फेरीच वाचते, वर आधी पाठवलेल्या गोष्टी कॅशमधे, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, राहतात. एक्सटूगो हे रिमोट डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर आजही त्याच जुन्या एनएक्स लायब्रऱ्यांवर उभं आहे.

तोवर प्रोग्रॅमच बदलले. जीटीके आणि क्यूटी या विंडो-बटणं बनवायच्या लायब्रऱ्यांवरचे नवे प्रोग्रॅम रेघा मारायला सांगत नाहीत, स्वतःच सगळं रंगवून तयार चित्र पुढे ढकलतात. एसएसएचच्या एक्स फॉरवर्डिंगने (लांबच्या प्रोग्रॅमच्या एक्स सूचना एसएसएचमधून इकडे आणणं) एक्सटर्म हा साधा टर्मिनल आजही छान चालतं आणि ब्राउझर उघडला की सगळं ठप्प होतं, त्याचं कारण हेच. १९२० गुणिले १०८० चा एक पूर्ण स्क्रीन कॉम्प्रेस न करता साधारण ६.२ एमबी होतो, १ एमबीपीएस (सेकंदाला १० लाख बिट, आणि एका बाइटचे ८ बिट) लाइनवर त्याला ५० सेकंद लागतील.

मग चित्रच पाठवायचं असेल तर ते हुशारीने पाठवावं, हा व्हीएनसी या रिमोट स्क्रीनच्या पद्धतीचा विचार. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी लॅबमधे तो आकाराला आला. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सर्व्हर आपणहून चित्रांचा मारा करत नाही, व्ह्यूअर 'काय बदललं?' म्हणून मागतो तेव्हाच पाठवतो, त्यामुळे लाइन मंद असली तर मधली चित्रं आपोआप गळतात आणि तुंबा साचत नाही. स्क्रोल केलं तर 'हा चौकोन तिकडे कॉपी कर' एवढंच जातं, आणि टाइट एन्कोडिंग या चित्र दाबायच्या पद्धतीमधे फोटोसारखे भाग जेपेगने दाबता येतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपच्या आरडीपी प्रोटोकॉलने १९९८ पासून चित्र काढायच्या सूचना आणि बिटमॅपची कॅश असा मिश्र मार्ग धरला, म्हणून कमी लाइनवर तो चांगला तग धरतो. लिनक्सवर एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमधे तर चित्र काढायच्या सूचनाच नाहीत, तिथे वेपाइप हे टूल बफरमधला (तयार चित्र ठेवलेल्या मेमरीतला) बदललेला भाग कॉम्प्रेस करून पाठवतं.

लाइन तुटली तर काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. साध्या एक्स फॉरवर्डिंगमधे कनेक्शन गेलं की प्रोग्रॅमही जातो, न सेव्ह केलेल्या कामासकट. व्हीएनसी किंवा एक्सप्रामधे (एकेक एक्स विंडो लांबून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो लांब चालूच राहतो, परत जोडलं की विंडो होती तशी समोर. लाइन भरवशाची नसेल तर माझ्या मते इथेच निर्णय होतो, वेगाचं नंतर बघता येतं.

सेटिंगमधे वॉलपेपर, अ‍ॅनिमेशन, विंडोची सावली आणि लुकलुकणारा कर्सर बंद केला तरी बराच फरक पडतो, लुकलुकणारा कर्सर म्हणजे तुम्ही काही न करता सतत चाललेली पाठवापाठवी. एसएसएचचं कॉम्प्रेशन मंद लाइनवरच चालू करावं, वेगवान लाइनवर ते उलट अडसर ठरतं. ट्रस्टेड फॉरवर्डिंग (लांबच्या प्रोग्रॅमला तुमच्या स्क्रीनवर पूर्ण मोकळीक देणारी एक्स फॉरवर्डिंगची सेटिंग) मात्र अनोळखी सर्व्हरवर अजिबात नको, तिथला प्रोग्रॅम तुमच्या बाकीच्या विंडोंमधे टाइप केलेलंही वाचू शकतो.

आणि शक्य असेल तिथे विंडो पाठवूच नये. ज्युपिटर (ब्राउझरमधे उघडणारी कोडची नोटबुक) असेल तर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे तिथला पोर्ट एसएसएचमधून आपल्या मशीनवर आणून, स्वतःच्या ब्राउझरमधे उघडावं, फाइल एडिट करायची असेल तर एसएसएचएफएसने लांबचं फोल्डर आपल्या मशीनला जोडून एडिटर आपल्याच मशीनवर चालवावा, म्हणजे टाइपिंग अडत नाही आणि लाइनची वाट बघायची ती फक्त फाइल उघडताना आणि सेव्ह करताना.