सात सह्या, दोन क्रमांक आणि फेरफार : खानदेशातील संस्थांच्या कायद्याची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधील शाळेचे, वाचनालयाचे किंवा सातपुड्यात काम करणाऱ्या एखाद्या मंडळाचे लेटरहेड पाहिले, तर त्यावर बहुधा दोन नोंदणी क्रमांक दिसतात. एक ‘महा’ने सुरू होणारा, दुसरा ‘एफ’ने. पहिला १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा, दुसरा १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालचा. संस्था कशी काढावी, घटना (संस्थेची नियमावली) कशी लिहावी, ऑडिट कधी द्यावे हे सल्ले आता सहज मिळतात. एकाच संस्थेला दोन कायदे का लागतात आणि त्यातून भांडणे कशी उभी राहतात, हे मात्र क्वचितच कुणी समजावून सांगते.

१८६०चा कायदा आला तेव्हा खानदेशात इंग्रजी अंमल येऊन चार दशके झाली होती. साहित्य, विज्ञान आणि धर्मादाय कामासाठी एकत्र येणाऱ्या किमान सात जणांना कायद्याची ओळख मिळावी, एवढाच त्याचा हेतू होता. सरकारने संस्थेच्या कारभारात डोकवावे अशी कल्पना त्यात जवळपास नाही. वार्षिक सभेनंतर कार्यकारिणीची यादी पाठवायची आणि उद्देश बदलायचे तर तीन पंचमांश मते मिळवायची, की झाले. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. त्याच्या पुढे-मागे धुळ्यात इतिहाससाधने जमवणाऱ्या आणि अमळनेरात शिक्षण व तत्त्वज्ञानाचे काम करणाऱ्या ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्या याच मोकळ्या काळातल्या. गिरणीमालकाची देणगी, वकिलांचा वेळ आणि शिक्षकांचा त्याग यांवर त्या चालल्या.

खरा बदल १९५०चा. देवस्थानांच्या आणि धर्मादाय निधीच्या गैरकारभाराविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापलीकडे लोकांच्या हाती फारसे काही नव्हते. १९३५मध्ये मुंबई प्रांतात विश्वस्तव्यवस्थांच्या नोंदणीचा कायदा झाला, पण तो तोकडा पडला. १९५०च्या कायद्याने धर्मादाय आयुक्त हे पद आणले. नोंदवही, हिशेब, लेखापरीक्षण आणि मालमत्तेची विक्री यांवर सरकारी देखरेख आली. आणि ‘सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था’ या व्याख्येत धर्मादाय हेतूने १८६०च्या कायद्याखाली नोंदलेली संस्थाही घेतली गेली. दुसरा क्रमांक आला तो इथून. सभासदांनी निवडून दिलेली कार्यकारिणी त्या दिवसापासून कायद्याच्या नजरेत विश्वस्तांच्या जागी आली.

ही रचना मुंबई राज्याची आहे, देशाची नाही. नवापूर ओलांडून गुजरातेत गेले तर तिथेही १९५०च्याच कायद्याचा वारसा सापडतो. रावेरपुढे बऱ्हाणपुरात गेले, की मध्य प्रदेशचा १९७३चा संस्था नोंदणीचा वेगळा कायदा लागतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना काम करणाऱ्या मंडळींनी तिकडची नमुना घटना उचलून इकडे वापरली तर अडचण होते, ती यामुळेच.

ऐंशीच्या दशकापर्यंत हे सारे तसे शांतपणे चालले. १९८३च्या सुमारास राज्यात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. १९९०मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ आले. संस्थेकडे आता इमारती, अनुदान, नोकऱ्या आणि प्रवेश होते. तालुक्याच्या राजकारणात संस्थेचे अध्यक्षपद आमदारकीच्या खालोखाल मोलाचे ठरले. निवडणुका चुरशीच्या झाल्या आणि १९५०च्या कायद्याचे एक साधेसे कलम सगळ्या वादांच्या केंद्रस्थानी आले.

ते कलम २२, म्हणजे फेरफार अर्ज. विश्वस्त बदलले, की ९० दिवसांच्या आत त्याची खबर धर्मादाय कार्यालयाला द्यायची. कार्यालय चौकशी करते आणि नोंदवहीत, म्हणजे रोजच्या भाषेत ‘शेड्युल वन’ला, नवी नावे लावते. विरोधी गटाने हरकत घेतली की पुरावा, साक्षी आणि उलटतपासणी सुरू होते. सहायक आयुक्तांच्या निर्णयावर अपील वरिष्ठ धर्मादाय अधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हा न्यायालयात आणि शेवटी औरंगाबाद खंडपीठात जाते. तोवर घटनेत लिहिलेली तीन किंवा पाच वर्षांची मुदत संपून पुढची निवडणूक झालेली असते. मग त्या निवडणुकीचा फेरफार. आधीचाच प्रलंबित, तर मतदारयादी कुणी केली आणि सभा कुणी बोलावली, हे प्रश्न पुन्हा उभे राहतात. एकामागून एक फेरफार असे साचत जातात.

या भांडणांत १८६०च्या कायद्याचे कलम १५ हमखास पुढे येते. तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही, असे ते सांगते. त्यामुळे निवडणुकीचा निकाल पुष्कळदा पावतीपुस्तकावर ठरतो. वर्गणी वर्षानुवर्षे न घेणाऱ्या संस्थेत सभासद कोण, हेच सिद्ध करता येत नाही.

मूळ प्रश्न असा : फेरफार मंजूर होईपर्यंत नवी कार्यकारिणी कारभार करू शकते का? मुंबई उच्च न्यायालयाने याचे उत्तर ‘होय’ असे दिले आहे. बदल निवडणुकीने होतो, अर्ज ही त्याची फक्त खबर आणि मंजुरी ही नोंद. माझ्या मते हीच भूमिका योग्य आहे. नाहीतर एक हरकत घेऊन हरलेला गट वर्षानुवर्षे खुर्चीत बसून राहील, आणि सभासदांच्या मताला काही अर्थ उरणार नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. बँकेला, शिक्षणाधिकारी कार्यालयाला किंवा देणगीदाराला निवडणूक खरी की खोटी हे ठरवता येत नाही. ते शेड्युल वनचा उतारा मागतात. दोन अध्यक्ष एकाच शिक्षकाच्या मान्यतेबाबत दोन परस्परविरुद्ध पत्रे देतात आणि त्या शिक्षकाचा पगार अडकतो. ज्याचा निवडणुकीशी काहीही संबंध नाही, त्याच्यावर सगळ्यात आधी संकट येते. न्यायालयाच्या निकालाने हक्काचा प्रश्न सुटला, कागदाचा सुटला नाही.

१९५०च्या कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने त्यावर तोडगा काढायचा प्रयत्न केला. प्राथमिक छाननीनंतर १५ कामकाजाच्या दिवसांत फेरफार तात्पुरता मंजूर करायचा, हरकतींसाठी ३० दिवस द्यायचे आणि हरकत आली नाही तर तीच मंजुरी कायम धरायची. बिनविरोध निवडणुकांसाठी ही सोय फार मोलाची आहे. जिथे दोन गट आहेत तिथे हरकत येतेच, आणि जुनी वाट पुन्हा चालावी लागते.

उत्पन्नाच्या दोन टक्के अंशदानाचा वादही याच कायद्यातला. धर्मादाय खात्याचा खर्च विश्वस्तव्यवस्थांनी उचलावा, या कलम ५८च्या तरतुदीला १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर नव्हे तर शुल्क ठरवून मान्यता दिली होती. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने या वसुलीला अंतरिम स्थगिती दिली.

अलीकडचा ताण मात्र धर्मादाय कार्यालयाबाहेरून येतो, आणि तो सर्वाधिक जाणवतो तो अक्कलकुवा, धडगावसारख्या तालुक्यांतील लहान संस्थांना. परदेशी देणगीचा कायदा १९७६ चा, २०१० मध्ये नव्याने केलेला. २०२० च्या दुरुस्तीने त्यात दिल्लीतील एकाच बँक शाखेत खाते उघडणे सक्तीचे केले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला असा निधी देणे बंद केले. मोठ्या संस्थेकडून थोडी रक्कम घेऊन पाड्यावर बालवाडी चालवणाऱ्यांचा आधार या शेवटच्या तरतुदीने गेला. १ एप्रिल २०२१ पासून प्राप्तिकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी) नोंदणीही कायमची राहिली नाही. ती दर पाच वर्षांनी नव्याने घ्यावी लागते. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी हवा तर वेगळा फॉर्म.

प्राप्तिकर कायद्यातील २०२५ च्या सुधारणेने यात थोडी सवलत दिली. अर्जाआधीच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न प्रत्येकी पाच कोटींच्या आत असेल, तर १२एच्या नोंदणीची मुदत दहा वर्षे मिळू शकते. ८०जीची मुदत मात्र त्या सुधारणेत वाढली नाही. म्हणजे देणगीदाराला करसवलतीची पावती देणाऱ्या संस्थेला पाच वर्षांनी अर्ज करावाच लागेल.