आडनाव पोतदार, म्हणून पणजोबा सराफ?

‘आडनाव सांगतं पूर्वज कोणता धंदा करत,’ हा जुना फॉरवर्ड. दिशा बरोबर, निष्कर्ष घाईचा.

पोतदार म्हणजे सरकारी भरण्यातली नाणी पारखणारा. कुलकर्णी गावाचा हिशेब ठेवणारा. पण ही वतनं, म्हणजे ही पदं आणि त्यांचे हक्क, वंशपरंपरेची होती. आडनाव सगळ्या भाऊबंदांना लागे, काम एका वेळी एखादाच करी. कधी तर गुमास्ता, म्हणजे बदली कारकून, नेमून तेही त्याच्यावर सोपवलेलं असे. बाकीचे शेती करत.

मग खरं काय ते कळणार कसं? ठाणे तालुक्यातलं गाव असेल, तर आधी जुनं खरेदीखत काढा. त्यात नावापुढे ‘वय, धंदा, राहणार’ असतं. तिथे ‘धंदा शेती’ असेल, तर त्या माणसापुरतं आडनावापेक्षा तेच मानावं. वतनाची शंका असल्यास तहसीलमध्ये जुन्या फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीची, नक्कल मागा. जुना मजकूर बहुधा मोडी लिपीत असतो. अंदाजाने वाचू नका, जाणकाराला दाखवा.

हमखास फसवणारा कागद म्हणजे ‘कोतवाल बुक’. ती गावची जन्ममृत्यूची नोंदवही. त्यात नाव सापडलं म्हणून पूर्वज कोतवाल ठरत नाहीत. आणि असलेच, तरी गावचा कोतवाल निरोप पोचवणारा गावनोकर. पेशवाईतल्या पुण्याचा कोतवाल शहराच्या बंदोबस्ताचा मोठा अधिकारी. शब्द एकच.