हाऊ टू स्टॉप टाइम (कादंबरी)

मॅट हेग या ब्रिटिश लेखकाची २०१७ ची इंग्रजी कादंबरी. नायक टॉम हॅझर्ड दिसायला चाळिशीतला, पूर्व लंडनच्या एका शाळेत इतिहास शिकवतो आणि जन्म मात्र १५८१ चा, म्हणजे पोरांना जे शिकवतोय त्यातलं बरंचसं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, पण वर्गात तसं बोलायची सोय नाही.

टॉम अमर नाहीये हे आधीच क्लिअर केलेलं बरं, कारण बरेच जण व्हॅम्पायर टाइप काहीतरी असेल म्हणून पुस्तक उचलतात. त्याला अ‍ॅनाजेरिया झालाय. हा आजार लेखकाने रचलेला (लहान मुलं झपाट्याने म्हातारी दिसायला लागतात तो प्रोजेरिया खरा, हे बरोब्बर त्याच्या उलटं). वयात येताना सुरू होतो आणि मग बाहेर साधारण पंधरा वर्षं गेली की शरीराचं एक वर्ष सरकतं. साथीचे रोग सहसा लागत नाहीत, पण गोळी लागली तर चारचौघांसारखाच मरणार.

लपायची वेळ का आली तो भाग पुस्तकात सगळ्यात भारी जमलाय. १५९९, इंग्लंडच्या सफोकमधलं एडवर्डस्टोन गाव, फ्रान्समधून पळून आलेली आई आणि मुलगा. पोरगा अठराचा झाला तरी अजून लहानच दिसतो, मिसरूड फुटायचं नाव नाही, गावात कुजबुज सुरू होते आणि चेटकिणी हुडकणारा मॅनिंग येऊन थडकतो. करणी केली म्हणून आळ येतो आईवर, आणि तिला नदीत बुडवून मारतात. म्हणजे गुन्हा काय तर मुलाचा कोवळा चेहरा. पुढे लंडनला तो ग्लोब थिएटरात ल्यूट (जुनं तंतुवाद्य) वाजवतो (हो, शेक्सपिअर पण आहे), फळं विकणाऱ्या रोझशी संसार करतो, मॅरियन नावाची मुलगी होते, पण बायकोचं वय दिसायला लागतं आणि नवरा तसाच, म्हटल्यावर लोक बोलणारच, म्हणून शेवटी तोच घर सोडतो. १६२३ मध्ये रोझ प्लेगने जाते, जाता जाता सांगते की मुलगी पण तुझ्यासारखीच आहे, आणि तेव्हापासून हा माणूस तिला शोधतोय.

१८९१ मध्ये त्याला अल्बाट्रॉस सोसायटी सापडते, म्हणजे अशाच लोकांची गुप्त संघटना, प्रमुख हेन्ड्रिक. दर आठ वर्षांनी नाव, गाव, कागदपत्रं सगळं बदलायचं आणि प्रेमात अजिबात पडायचं नाही. नवीन कोणी सापडला तर त्याला सामील करून घ्यायचं, नाही म्हणाला तर त्याचं तोंड कायमचं बंद.

मराठी वाचकाला इथे अश्वत्थामा आठवणारच, नर्मदा परिक्रमेत जखमेसाठी तेल मागत फिरतो म्हणतात तो. पण त्याची ओळख पटते ती कपाळावरच्या भळभळत्या जखमेने, टॉमला मात्र अंगावर ओरखडाही न दिसणं नडतं.

आजच्या काळातला थ्रिलर भाग त्यामानाने पातळ आहे, हेन्ड्रिक तर सिनेमातल्या व्हिलनसारखाच वाटतो आणि शेवट घाईघाईत उरकलाय. मध्येच कॅप्टन कुक, पॅरिसमध्ये अमेरिकन लेखक फिट्झजेराल्ड नवरा-बायको असे फेमस लोक भेटत राहतात, ते थोडं जास्तच होतं.

अपवाद ओमाईचा. हा खरा माणूस, पॅसिफिकमधल्या बेटांवरून १७७४ मध्ये ब्रिटिश जहाजाने लंडनला आलेला, आणि घरी परतल्यावर काही वर्षांतच वारलेला. कादंबरीत तो मेलेलाच नाही, ऑस्ट्रेलियात मजेत सर्फिंग करतोय आणि त्याचा व्हिडिओ व्हायरल झाल्यामुळे सोसायटीचं धाबं दणाणतं. जोशुआ रेनॉल्ड्सने काढलेलं त्याचं पूर्णाकृती चित्र मात्र २०२३ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने आणि अमेरिकेतल्या गेटी म्युझियमने मिळून ५ कोटी पौंडांना घेतलं, आणि चेहरा त्यात अगदी स्पष्ट दिसतो.